बोट रस्त्यावरून नेताना : एक आस की दोन?

२२ जुलै २०२१ ही तारीख महाड-पोलादपूरकडची माणसे सहसा विसरणार नाहीत. त्या सुमारास वर महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून खाली महाडला येते. तेथे तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात, आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्र गाठते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी वर चढते आणि नदीचा निचरा मंदावतो. त्या दिवशी महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला.

नौदलाची बचाव पथके मुंबईहून रबरी बोटी घेऊन सडकेने निघाली. मुंबई ते महाड हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पण सडकेवर कोठे पाणी होते, तर कोठे दरड आडवी आली होती.

त्याआधी पाच वर्षांपूर्वीही असाच प्रसंग आला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या व इतर वाहने पुरात वाहून गेली. तेव्हाही शोधासाठी बोटी हव्या होत्या, आणि त्या रस्त्यानेच आणाव्या लागल्या.

यातून एक साधी गोष्ट लक्षात येते. पुरात बोट उपयोगी पडते हे खरे, पण तिला आधी पाण्यापर्यंत पोहोचावे लागते, आणि तो प्रवास जमिनीवरचा असतो. रबरी बोट हवा काढून, गुंडाळून ट्रकमध्ये टाकता येते. फायबरची किंवा पत्र्याची बोट मात्र गुंडाळता येत नाही. तिच्यासाठी चाकांचा गाडा लागतो. जीपच्या मागे जोडून ओढण्याच्या या गाड्याला ट्रेलर म्हणतात.

समजा, उद्या एखाद्या गावाने पुरासाठी स्वतःची बोट घ्यायची ठरवली. ट्रेलर कोणता घ्यावा? दोन चाकांचा, म्हणजे एका आसाचा? की चार चाकांचा, म्हणजे दोन आसांचा? आस म्हणजे चाके जिच्यावर फिरतात ती आडवी दांडी. गॅरेजमध्ये तिलाच ॲक्सल म्हणतात. चार चाके दोनापेक्षा बरी, असे उत्तर चटकन तोंडी येते. पण ते नेहमीच बरोबर असते असे नाही. ते का, हे आपण पाहू.

बैलगाडीचा धडा

एका आसाचा सर्वांत जुना ट्रेलर आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे बैलगाडी. पेंढ्याची गाडी भरताना जाणता गडी भारे कसेही रचत नाही. पुढे जास्त भार झाला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. अशा गाडीला धुरजड म्हणतात. मागे जास्त झाला तर धुरा वर उचलला जातो आणि जोते बैलांच्या गळ्याला आवळते. ही गाडी उलाळ झाली. चांगली भरलेली गाडी किंचित धुरजड असते, पण फार नाही.

ट्रेलरचे अगदी तसेच आहे. बैलांच्या जागी जीप आणि जुवाच्या जागी जीपच्या मागचा लोखंडी गोळा. ट्रेलरची दांडी या गोळ्यावर टेकते. ती किती भाराने टेकावी? अनुभवाने ठरलेले प्रमाण असे, की एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर असावा.

हा हिशेब तरफेच्या नियमाने करता येतो. समजा, ट्रेलर आणि बोट मिळून ९०० किलोग्रॅम आहेत आणि गोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर ४ मीटर आहे. सगळ्या वजनाचा गुरुत्वमध्य आसाच्या ४० सेंटिमीटर पुढे आहे. मग दांडीवरचा भार

९०० × ०.४ ÷ ४ = ९० किलोग्रॅम.

म्हणजे बरोबर दहावा हिस्सा. उरलेले ८१० किलोग्रॅम दोन चाकांवर, म्हणजे प्रत्येकी ४०५.

आता बोटीच्या पिछाडीला ६० किलोग्रॅमचे इंजिन टांगा. ते आसाच्या २ मीटर मागे आहे. त्यामुळे दांडीवरचा भार ६० × २ ÷ ४, म्हणजे ३० किलोग्रॅमने कमी होईल. ९० चे ६० झाले, आणि एकूण वजन मात्र ९६० झाले. दहावा हिस्सा जाऊन सोळावा उरला. वजन वाढले तरी दांडी हलकी झाली, कारण वजन आसाच्या मागे पडले.

पाऊस हाही माल

कोकणातल्या पावसात आणखी एक प्रवासी न विचारता बोटीत चढतो. तो म्हणजे पावसाचे पाणी. वरून उघडी असलेली बोट हे एक मोठे पर्जन्यमापकच असते. समजा, बोट ५ मीटर लांब आणि सरासरी १.६ मीटर रुंद आहे. तिचे तोंड ८ चौरस मीटरांचे झाले. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर एका तासात

८ × ०.०२५ = ०.२ घनमीटर,

म्हणजे २०० लिटर पाणी साचते. त्याचे वजन २०० किलोग्रॅम. तीन तासांच्या प्रवासात ६०० किलोग्रॅम! ९६० किलोग्रॅमचा भार दीड टनावर गेला, आणि कोणी त्यात एक दोरीसुद्धा टाकली नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. पाणी पोत्यासारखे एका जागी बसत नाही. ट्रेलर घाट चढू लागला की बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर होते आणि पाणी मागे धावते. पंधरा मीटरला एक मीटर असा चढ असेल, तर ते २०० लिटर पाणी सपाट बुडाच्या बोटीत मागच्या सुमारे दोन मीटरांत गोळा होईल. त्याचा भार आसाच्या सुमारे दीड मीटर मागे पडला असे धरू. मग दांडीवरचा भार २०० × १.५ ÷ ४, म्हणजे आणखी ७५ किलोग्रॅमने कमी झाला. दांडीवर होते ६०, त्यातून गेले ७५. राहिले उणे १५.

उणे १५ याचा अर्थ काय? दांडी आता गोळ्यावर टेकत नाही, तर त्याला वर उचलते आहे. गाडी उलाळ झाली! जीपची मागची चाकेही थोडी हलकी झाली, आणि तीही ओल्या रस्त्यावर, चढावर, ऐन वळणात.

यावर उपाय फार स्वस्त आहे. बोटीच्या बुडाशी मागच्या बाजूला पाणी काढण्याचे भोक असते आणि त्याला बूच असते. प्रवासात ते बूच काढून ठेवावे आणि बोटीवर ताडपत्री बांधावी. पाण्यात उतरण्यापूर्वी बूच परत बसवावे. ते राहिले, तर सुटकेला निघालेल्यांचीच सुटका करायची वेळ येईल.

दोन आसांनी काय साधते?

आता त्याच बोटीला चार चाकांचा ट्रेलर देऊ. दोन आस एकमेकांपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर, जवळजवळ असतात. शेतावरच्या चारचाकी ट्रॉलीत पुढचा आस दांडीबरोबर वळतो. येथे तसे नसते. दोन्ही आस सांगाड्याला समांतर जखडलेले असतात. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडेल.

पहिला फायदा उघड आहे. दांडीवर तेवढाच भार ठेवला, तर ८१० किलोग्रॅम चार चाकांत वाटले जातात आणि प्रत्येक चाकावर सुमारे २०३ किलोग्रॅम येतात. टायर कमी तापतो आणि बेअरिंगवरचा ताणही घटतो.

दुसरा फायदा खड्ड्यांचा. चांगल्या ट्रेलरमध्ये एका बाजूच्या दोन चाकांचे कमान-पाटे मध्ये एका छोट्या तरफेने जोडलेले असतात. ही तरफ तराजूच्या दांडीसारखी मध्यावर खिळलेली असते. एक चाक खड्ड्यात उतरले की तरफ कलते आणि भार पुन्हा दोघांत सारखा वाटला जातो. १० सेंटिमीटरच्या खड्ड्यात एका आसाचा ट्रेलर त्या बाजूला १० सेंटिमीटर खाली जातो. दोन आसांच्या ट्रेलरची ती बाजू मात्र साधारण ५ सेंटिमीटरच खाली जाते, कारण तरफेचे एक टोक १० ने उतरले तर तिचा मध्य ५ ने उतरतो. पावसाळ्यात कोकणातल्या रस्त्यांवरून गेलेल्यांना या ५ सेंटिमीटरांची किंमत सांगायला नको.

तिसरा फायदा पंक्चरचा. दोन चाकांच्या ट्रेलरचे एक चाक बसले की ती बाजू एकदम खाली येते आणि ट्रेलर आडवा ओढ घेतो. चार चाकांत शेजारचे चाक भार सावरते, आणि चालकाला सावकाश कडेला थांबायला वेळ मिळतो. मात्र त्या एका चाकावर तेव्हा जवळजवळ ४०० किलोग्रॅम येतात. तसेच पुढे दहा कोस रेटू नये, हे उघड आहे.

चौथा फायदा डोलण्याचा, आणि त्याचे विज्ञान मोठे मजेचे आहे. शेजारून मालट्रक भरधाव गेला की वाऱ्याचा झोत ट्रेलरला बाजूला ढकलतो. ट्रेलर गोळ्याभोवती लंबकासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. टायर जमिनीला घासून हे झुलणे आवरतात. पण हे आवरणे वेगावर अवलंबून असते. टायर किती तिरका घसरतो हे त्याच्या आडव्या वेगाचे पुढच्या वेगाशी प्रमाण किती यावर ठरते. पुढचा वेग दुप्पट झाला की तेवढ्याच झुलण्याला होणारा विरोध सुमारे निम्मा होतो. म्हणून ताशी ३० किलोमीटरला शहाण्यासारखा वागणारा ट्रेलर ६० ला शेपूट हलवू लागतो. भार मागे असला तर फारच लवकर. दोन आस असले म्हणजे चार टायर आणि दोन समांतर रांगा ट्रेलरला फिरू देत नाहीत, आणि झुलणे लवकर थांबते.

पण येथे एक सावधगिरी हवी. दोन आस हे चुकीच्या भरणीवरचे औषध नव्हे. उलाळ गाडी चार चाकांवरही उलाळच. झुलणे सुरू झालेच, तर जीपचा ब्रेक करकचून दाबू नये आणि सुकाणूशी झगडू नये. पाय वेगवर्धकावरून काढून घ्यावा, सुकाणू सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

मग सगळेच दोन आसांचे का घेत नाहीत?

कारण जो गुण सरळ रस्त्यावर उपयोगी पडतो, तोच वळणावर आड येतो. गाडी वळते तेव्हा प्रत्येक चाक एका मध्याभोवती वर्तुळात फिरते. चाक न घासता फिरायचे, तर त्याच्या आसाची रेषा त्या मध्यातून गेली पाहिजे. एक आस असला तर हे सहज जमते. पण दोन समांतर रेषा एकाच बिंदूतून जात नाहीत, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. म्हणून दोन आसांचा ट्रेलर वळताना पुढची चाके एका अंगाला आणि मागची दुसऱ्या अंगाला थोडी फरफटतात.

किती? १० मीटर त्रिज्येच्या वळणात, मध्यापासून ४० सेंटिमीटरवर असलेल्या आसाचा तिरपेपणा ०.४ ÷ १० = ०.०४ रेडियन, म्हणजे सुमारे सव्वादोन अंश होतो. एका वळणाला हे फार नाही. पण आंबेनळी किंवा वरंधा घाटात वळणामागून वळण येते, आणि दर वळणाला टायरचे रबर थोडेथोडे खरवडून निघते.

हाताने फिरवताना तर फरक फारच जाणवतो. समजा, पुराचे पाणी रस्त्यावर आले आहे, पुढे जीप जात नाही, आणि ट्रेलर सोडून माणसांनी ढकलायचा आहे. सपाट डांबरी रस्त्यावर ९०० किलोग्रॅमचा ट्रेलर ढकलायला वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे साधारण १८ किलोग्रॅमभाराएवढाच जोर लागतो. तो एका आसाचा असो की दोन आसांचा. पण वळवायचा झाला, तर एका आसाच्या ट्रेलरची दांडी तीन-चार जणांनी उचलून धरली की तो एका चाकावर गरकन फिरतो. दोन आसांचा असा फिरत नाही. चार टायर जमिनीवर आडवे ओढावे लागतात, आणि तेथे घर्षण आपली पूर्ण ताकद दाखवते. बाजारपेठेच्या बोळात, रात्री, गुडघाभर पाण्यात हा फरक म्हणजे बोट पोहोचणे आणि न पोहोचणे यांमधला फरक ठरू शकतो.

मागे नेताना मात्र दोन आसांचा ट्रेलर सोपा वाटतो. तो सावकाश तिरपा होतो, त्यामुळे चूक सुधारायला चालकाला अवधी मिळतो.

आणखी एक गोष्ट दांडीच्या उंचीची. मधली तरफ नसेल आणि जीपचा गोळा फार उंच असेल, तर दोन आसांच्या ट्रेलरचे नाक वर जाते आणि मागच्या आसावर जवळजवळ सगळा भार येतो. चार चाकांचे पैसे देऊन दोनच चाके वापरल्यासारखे होते. म्हणून ट्रेलर सपाट उभा राहतो की नाही, हे आधीच पाहावे.

तापलेले चाक आणि गार पाणी

बोटीच्या ट्रेलरला एक दुखणे असे आहे, की जे इतर ट्रेलरला सहसा नसते. बोट उतरवायची तर ट्रेलरची चाके पाण्यात घालावी लागतात. लांबचा प्रवास आणि घाटातले ब्रेक यांमुळे चाकाचा तुंबा तापलेला असतो. त्यातील हवाही तापते. समजा, तिचे तापमान ७० अंश सेल्सियस आहे आणि पाणी २५ अंशांचे आहे. निरपेक्ष मापात हे ३४३ आणि २९८ होतात. तुंबा एकदम गार झाला की आतल्या हवेचा दाब याच प्रमाणात, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. बाहेरचा दाब जास्त, आतला कमी. मग सीलच्या फटीतून पाणी आत खेचले जाते, वंगण खराब होते आणि बेअरिंग गंजते. खाडीचे खारे पाणी असेल तर गंज अधिकच लवकर चढतो.

शांततेच्या दिवसांत चाके थोडी निवू द्यावी, मगच पाण्यात घालावी. पुरात तेवढा वेळ नसतो. म्हणून काम झाल्यावर तुंबे उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरणे आवश्यक. एका आसाला असे दोन तुंबे, दोन आसांना चार. वर्षभर उभ्या राहणाऱ्या ट्रेलरची ही देखभाल कोण करणार, हे खरेदीपूर्वीच ठरवलेले बरे.

उतारावरच्या ब्रेकचेही असेच. १००० किलोग्रॅमचा ट्रेलर १०० मीटर खाली उतरला की सुमारे १० लाख जूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेला तोच ट्रेलर एकदा थांबवायला सुमारे ६२ हजार जूल जिरवावे लागतात. म्हणजे १०० मीटरांचा उतार हा सोळा वेळा थांबवण्याएवढा झाला. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा, आणि जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. दोन्ही आसांना ब्रेक असतील तर ही उष्णता चार चाकांत वाटली जाते.

मग निवड कोणती?

ढोबळमानाने हजार-बाराशे किलोग्रॅमपर्यंतच्या भाराला एक आस पुरतो, आणि दीड टनापुढे दोन आस बरे. मधल्या पट्ट्यात रस्ता पाहून ठरवावे. महाडसारख्या सखल भागात मोठी, इंजिनाची बोट महामार्गावरून लांब न्यायची असेल, तर दोन आस सोयीचे. दक्षिणेकडून येणाऱ्यांना कशेडी घाटाऐवजी आता बोगद्याचाही पर्याय झाला आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, अरुंद वळणांच्या आणि वाड्यावस्त्यांच्या रस्त्यावर, हलकी बोट आणि एका आसाचा ट्रेलर अधिक कामाचा. चार माणसांना तो हाताळता येतो.

आणि जेथे दरडीने रस्ताच नेला आहे, तेथे दोन्ही ट्रेलर सारखेच निरुपयोगी. तेथे गुंडाळलेली रबरी बोट माणसांच्या खांद्यावरून जाते, हेही विसरू नये. पाऊस सुरू झाल्यावर बोट आणण्यापेक्षा, पावसाळ्याआधी ती पाण्याच्या जवळ आणून ठेवणे सर्वांत शहाणपणाचे.

करून पाहा

१. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या लाकडी पट्टीखाली, मधल्या भागात, सायकलच्या आऱ्याचा एक आस बसवून दोन चाके लावा. पुढच्या टोकाला ताणकाटा अडकवून पट्टी आडवी उचलून धरा. वजन म्हणून जुन्या विजेरीचे सेल पट्टीवर पुढे-मागे सरकवा आणि प्रत्येक वेळी काट्यावरचा आकडा नोंदवा. तरफेच्या नियमाने काढलेल्या उत्तराशी तो जुळतो का?

२. पुढच्या टोकाला तारेचा आकडा सैल जोडून गाडी सरळ ओढा. सेल पुढे असताना आणि अगदी मागे असताना तिला बाजूने हलका धक्का द्या. कोणती जास्त वेळ झुलते?

३. आता दुसरा आस शेजारी समांतर बसवा. पुढचे टोक ताणकाट्याने आडवे ओढून गाडी जागच्या जागी फिरवा. पूर्वीपेक्षा किती जोर जास्त लागला?

४. सेलांऐवजी उथळ डब्यात पाणी ठेवून पट्टी थोडी तिरपी करा. दांडीवरचा भार कसा बदलतो, हे नोंदवा आणि त्याचे कारण लिहा.